अदृश्यतेचा हिशेब

२७ मार्च १९९९ची रात्र. युगोस्लाव्हियावर नाटोचे हवाई हल्ले सुरू होऊन चौथा दिवस होता. रात्री सव्वाआठच्या सुमारास सर्बियातल्या बुद्यानोव्त्सी नावाच्या खेड्याबाहेर, शेतात एक काळे विमान येऊन कोसळले. वैमानिक डेल झेल्को हवाई छत्रीने उतरला, रात्रभर एका चरात दडून राहिला आणि उजाडण्यापूर्वी अमेरिकी हेलिकॉप्टरांनी त्याला उचलून नेले. सकाळी गावकरी त्या विमानाच्या तुटक्या पंखावर चढले. त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली, कारण ते विमान साधे नव्हते. ते एफ-११७ नाइटहॉक होते. १९९१च्या आखाती युद्धात या जातीच्या विमानांनी सुमारे १३०० उड्डाणे केली होती आणि त्यांतले एकही इराकला पाडता आले नव्हते. ‘माफ करा, ते अदृश्य आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते’, अशा आशयाची पत्रके सर्बियात निघाली.

हे विमान पाडणारे क्षेपणास्त्र होते एस-१२५ नेवा. ते सोव्हिएत सैन्यात १९६१ साली दाखल झाले होते. आणि हे विमान ज्या सिद्धांतावर उभे होते तो सिद्धांत एका छोट्या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाला तो १९६२ साली, मॉस्कोमध्ये. म्हणजे विमान जन्माला घालणारी समीकरणे आणि ते पाडणारे शस्त्र हे दोन्ही एकाच देशातले, जवळपास एकाच वर्षातले. हा योगायोग गमतीचा आहेच, पण स्टेल्थ म्हणजे नेमके काय आणि काय नाही हे समजून घ्यायलाही तो फार उपयोगी पडतो.

दोनदा विरळ होणारी लाट

‘अदृश्य विमान’ हा शब्दप्रयोग आपल्या वर्तमानपत्रांत रुळला आहे. तो दिशाभूल करतो. एफ-११७ दिवसा डोक्यावरून गेले तर शेतातल्या गुराख्यालाही दिसेल. म्हणून तर ते रात्रीच उडवत. त्याला लपायचे होते ते माणसाच्या डोळ्यापासून नव्हे, रडारपासून.

रडारचे तत्त्व साधे आहे. डोंगरासमोर उभे राहून हाक मारावी आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला यावरून डोंगर किती लांब ते ओळखावे. हाकेच्या जागी रेडिओलहर घ्या, की झाले रडार. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेन्ट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी वापरून एका बॉम्बफेकी विमानाचा असा प्रतिध्वनी पकडून दाखवला. पाच वर्षांनी ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईत याच यंत्रणेने देश वाचवायला हातभार लावला. तेव्हापासून रडारला चकवण्याचे प्रयत्नही सुरू झाले. पहिला यशस्वी मार्ग गोंगाटाचा होता: जुलै १९४३मध्ये हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात ब्रिटिश विमानांनी धातूच्या वर्खाच्या लाखो पट्ट्या आकाशात सोडल्या आणि जर्मन रडारांना सगळीकडे विमानेच विमाने ‘दिसू’ लागली. स्टेल्थ हा नेमका उलटा मार्ग. गोंगाट करायचा नाही, आपला प्रतिध्वनीच मारून टाकायचा.

पण किती मारायचा? इथे एक कठोर गणित आड येते. रडारची लहर जाताना पसरत, विरळ होत जाते. तिची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. विमानावर आपटून परतताना ती पुन्हा तशीच घटते. म्हणजे अंतर दुप्पट झाले की परत येणारी शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते. हे रडारच्या दृष्टीने वाईट, पण लपणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून वाईट. विमानाकडून परतणाऱ्या प्रतिध्वनीचे जे माप असते त्याला आपण त्याचा ‘रडार-आकार’ म्हणू. हा आकार निम्मा केला तर रडारचा पल्ला जेमतेम सोळा टक्क्यांनी कमी होतो. पल्ला निम्म्यावर आणायचा तर आकार सोळापट घटवावा लागतो. दहाव्या हिश्श्यावर आणायचा तर दहा हजारपट. थोडी डागडुजी करून इथे काहीच हाती लागत नाही. लपायचे तर विमान मुळापासून नव्याने कल्पावे लागते.

दहा हजारपटीने मिळते तरी काय? समजा, एक रडार साधे विमान २०० किलोमीटरवरून पकडते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने, म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर कापत येणाऱ्या विमानाची चाहूल त्याला तेरा मिनिटे आधी लागेल. तेवढ्यात भोंगे वाजतात, लढाऊ विमाने उडतात, क्षेपणास्त्रे रोखली जातात. पल्ला २० किलोमीटरवर आला तर उरतात ऐंशी सेकंद. शिवाय जिथे रडारांची वर्तुळे एकमेकांवर चढून आकाशात फट राहत नव्हती, तिथे आता वेगवेगळी पडलेली छोटी वर्तुळे उरतात आणि त्यांच्यामधून जायला पाऊलवाटा तयार होतात. स्टेल्थ विमान रडारला दिसतच नाही असे नाही. ते उशिरा दिसते. या तंत्राने विकत घेतला जातो तो वेळ.

तांब्या आणि आरसा

नेहमीच्या विमानाचा प्रतिध्वनी एवढा मोठा का असतो? घरात घासूनपुसून लख्ख केलेला तांब्या दिव्यासमोर ठेवून पाहा. कुठूनही बघा, त्याच्या पोटावर दिव्याचा एक चमकता ठिपका दिसतोच. गोलाईचा कुठला ना कुठला भाग नेहमी तुमच्याकडे तोंड करून असतो. विमानाची गोल धड, गोल नाक, गोल इंजिने असाच ठिपका प्रत्येक रडारला दाखवतात. त्यात पंख आणि शेपूट काटकोनात जोडलेली असली तर आणखी पंचाईत. दोन पृष्ठभागांच्या काटकोनात शिरलेली लहर दोन टप्पे खाऊन आली तशीच परत फिरते. सायकलच्या मागचा लाल परावर्तक याच युक्तीने कुठल्याही गाडीचा प्रकाश त्या गाडीकडेच परत पाठवतो.

आता तांब्याच्या जागी सपाट आरसा घ्या. शाळेच्या खिडकीतल्या उन्हात आरसा धरून दुसऱ्याच्या तोंडावर कवडसा पाडण्याचा खेळ पुष्कळांनी केला असेल. कवडसा ज्याच्या डोळ्यांवर पडतो त्याचे डोळे दिपतात. शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नाही. एफ-११७चे सारे रहस्य या कवडशात आहे. विमानाचे अंग सपाट तुकड्यांनी बनवायचे आणि प्रत्येक तुकडा असा कलता ठेवायचा, की रडारची लहर वर, खाली, बाजूला, कुठेही जावो, पाठवणाऱ्याकडे परत जाऊ नये. लहर नाहीशी होत नाही. तिची वाट बदलते.

हे ऐकायला सोपे वाटते, पण आरशाला कडा असतात. लहर कडेवर आदळली, की ती नुसती परावर्तित होत नाही, कडेपासून सगळ्या दिशांना थोडीथोडी फाकते. यालाच विवर्तन म्हणतात. एरवी हा अंश दुर्लक्ष करण्याजोगा असतो. पण दहा हजारपटीचा हिशेब मांडला, की मोठे कवडसे दूर वळवल्यावर मागे उरतो तो नेमका हा कडांचा प्रतिध्वनी. तो किती असेल हे आधी काढता आले नाही तर विमानाचा आराखडा म्हणजे अंधारात मारलेला दगड ठरतो. आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत विमानाच्या बाबतीत हे कोणालाही नीट काढता येत नव्हते.

मॉस्कोतले पुस्तक

प्योत्र उफिम्त्सेव हा मॉस्कोतल्या एका संशोधनसंस्थेतला तरुण भौतिकशास्त्रज्ञ. मॅक्सवेलची समीकरणे आणि जर्मन शास्त्रज्ञ झोमरफेल्ड यांनी एका कडेसाठी काढलेले उत्तर हाताशी धरून त्याने एक पद्धत बसवली: एखाद्या वस्तूवरून लहर कशी फाकेल हे तिच्या पृष्ठभागांचा आणि कडांचा हिस्सा वेगवेगळा काढून जोडायचे. ‘कड-लहरींची पद्धत’ अशा अर्थाचे त्याचे पुस्तक १९६२ साली निघाले. सोव्हिएत यंत्रणेला त्यात लष्करी महत्त्वाचे काही आढळले नाही, म्हणून ते उघडपणे छापले गेले. अमेरिकी हवाई दल शत्रूदेशातले तांत्रिक वाङ्मय घाऊक प्रमाणात भाषांतरित करून ठेवत असे. त्यात १९७१मध्ये हेही भाषांतरित झाले.

ते कोणीतरी वाचायची वेळ १९७५मध्ये आली. त्याआधी दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर १९७३च्या युद्धात इस्राएलने तीन आठवड्यांपेक्षा कमी काळात सुमारे शंभर विमाने गमावली होती. बरीचशी सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्रांनी आणि रडारवर चालणाऱ्या तोफांनी पाडलेली. युरोपात उद्या युद्ध झाले तर आपल्या विमानांचे असेच होणार, या धास्तीने अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने रडारला कमी दिसणाऱ्या विमानाचा शोध सुरू केला. लॉकहीड कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ या गुप्त विभागात डेनिस ओव्हरहोल्सर हा रडारतज्ज्ञ होता. त्याच्या हाती उफिम्त्सेवचे भाषांतर पडले आणि याचा उपयोग काय, हे त्याने ओळखले. बिल श्रोडर या निवृत्त गणितज्ञाच्या मदतीने काही आठवड्यांत त्याने संगणकाची एक आज्ञावली लिहिली. नाव ठेवले ‘एको’, म्हणजे प्रतिध्वनी.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचे गणित पेलत नव्हते; सपाट त्रिकोणांचे पेलत होते. म्हणून विमानच सपाट त्रिकोणांचे झाले. एफ-११७चे ते पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे, हवेच्या शास्त्राला न शोभणारे रूप ही सौंदर्यदृष्टी नव्हती, संगणकाची मर्यादा होती. ते रूप पाहून कंपनीतले मुरलेले अभियंते त्याला ‘निराशेचा हिरा’ म्हणू लागले. विभागाचे माजी प्रमुख केली जॉन्सन यांनी आपल्या जागी आलेल्या बेन रिच यांच्याशी पाव डॉलरची पैज लावली, की आपल्या जुन्या मानवरहित विमानापेक्षा हे काही कमी दिसणार नाही. पैज जॉन्सन हरले. रिच यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की खांबावर चढवलेला नमुना चाचणीत रडारवाल्याला सापडेचना. त्याला वाटले, नमुना पडला की काय. तेवढ्यात एक कावळा नमुन्यावर येऊन बसला आणि रडारला प्रतिध्वनी मिळाला. तो कावळ्याचा होता. पुढे रिच सेनाधिकाऱ्यांच्या टेबलावर एक छोटी छऱ्याएवढी पोलादी गोळी घरंगळत सोडत आणि सांगत, हे तुमचे विमान.

‘हॅव ब्लू’ नावाचा पहिला प्रायोगिक नमुना १ डिसेंबर १९७७ला उडाला. एफ-११७ जून १९८१मध्ये. ते अस्तित्वात असल्याचे अमेरिकेने मान्य केले नोव्हेंबर १९८८मध्ये. सात वर्षे नेवाडाच्या वाळवंटात ही विमाने फक्त रात्री उडत राहिली. उफिम्त्सेव स्वतः १९९०मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले, आणि ज्या विमानाच्या मुळाशी त्यांची समीकरणे होती ते विमान त्याच राज्यात तयार झाले होते.

गुपितांचे हे जग किती विचित्र आहे याचे दुसरे टोकही नोंदवायला हवे. १९४४मध्ये मुंबईत जन्मलेले नोशिर गोवाडिया हे नॉर्थ्रॉप कंपनीत बी-२ या पुढच्या स्टेल्थ बॉम्बफेकी विमानाच्या इंजिनव्यवस्थेवर काम केलेले अभियंते. क्षेपणास्त्राच्या इंजिनाचा झोत कमी जाणवेल असे नळकांडे बनवायला चीनला मदत केल्याबद्दल अमेरिकी न्यायालयाने त्यांना २०१०मध्ये दोषी ठरवले आणि २०११मध्ये ३२ वर्षांची शिक्षा सुनावली. मॉस्कोत पुस्तकाच्या दुकानात मिळणारे ज्ञान तेरा वर्षे कोणी उचलले नाही; त्याच ज्ञानाच्या पुढच्या टप्प्यासाठी मात्र माणसाचे उरलेले आयुष्य गेले.

तीन स्क्रू

आकाराने मोठे काम झाले, पण सगळे नाही. जी लहर वळवता येत नाही ती शोषायची. त्यासाठी विमानावर लोहाचे सूक्ष्म कण मिसळलेला लेप आणि पत्रे चढवतात. लहरीची ऊर्जा त्यात जिरून तिची किंचित उष्णता होते. इंजिनाची फिरती पाती हा रडारचा आवडता प्रतिध्वनी, म्हणून एफ-११७च्या हवा ओढणाऱ्या तोंडांवर बारीक जाळी होती. मायक्रोवेव्ह भट्टीच्या दारावर असते तशीच. लहरीच्या लांबीपेक्षा भोके लहान असली, की लहर आत शिरू शकत नाही, हवा मात्र शिरते. वैमानिकाच्या शिरस्त्राणाचा प्रतिध्वनी अख्ख्या विमानापेक्षा मोठा ठरला असता, म्हणून काचांवर सोन्याचा पातळ थर दिला. दारांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या केल्या आणि सगळ्या कडा मोजक्याच दिशांना समांतर ठेवल्या, म्हणजे फाकलेली लहर त्या मोजक्याच दिशांना जाईल. बॉम्ब पोटात. इंजिनाचा धूर रुंद, चपट्या फटीतून, थंड हवेत मिसळून बाहेर. कारण रडारपासून वाचून उष्णता हुडकणाऱ्या क्षेपणास्त्राच्या तोंडी पडण्यात अर्थ नव्हता. आणि सर्वांत कडक पथ्य म्हणजे मौन. या विमानात स्वतःचे रडारच नव्हते. जो रडार लावतो तो अंधारात कंदील पेटवतो. त्याला दिसते, पण तोही दिसतो.

या सगळ्याची किंमत मोजावी लागली. असे विमान स्वतःहून हवेत स्थिर राहत नाही. संगणक सतत सावरत असतात म्हणून ते उडते. ते आवाजाच्या वेगाला पोचत नव्हते आणि दोनच मोठे बॉम्ब नेत होते. नावातले ‘एफ’ हे अक्षर लढाऊ विमानाचे. प्रत्यक्षात ते बॉम्बफेकीच होते. आणि देखभालीचे तर विचारू नये. रिच यांच्या आठवणींतच आहे, की एका चाचणीत ‘हॅव ब्लू’ अचानक रडारवर ठळक दिसू लागले. शोध घेतला तेव्हा तीन स्क्रू नीट पिळले गेले नव्हते; त्यांची डोकी तीन मिलिमीटरहूनही कमी वर आली होती.

पुढे संगणक बलवान झाले आणि वक्र आकारांचे गणित शक्य झाले. जुलै १९८९मध्ये उडालेले बी-२ म्हणूनच गुळगुळीत, वटवाघळासारखे आहे. अशी २१ विमाने बनली आणि संशोधनाचा खर्च धरता एकेक सुमारे दोन अब्ज डॉलरना पडले. त्यांचा लेप जपायला वातानुकूलित कोठारे लागतात.

दोन मीटरची लाट

आता पुन्हा सर्बियाकडे. तिथल्या त्या क्षेपणास्त्र तुकडीचे अधिकारी होते झोल्तान दानी. त्यांच्याकडे टेहळणीसाठी पी-१८ हे जुने सोव्हिएत रडार होते. त्याच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर. आधुनिक रडारांच्या लहरी काही सेंटिमीटरांच्या असतात आणि एफ-११७चे पैलू त्यांनाच चकवण्यासाठी पाडलेले होते.

फरक काय पडतो? ओढ्यातल्या खडकावर लहान तरंग आपटले तर खडकाचा प्रत्येक कोपरा त्यांना वळवतो. पण लाटच खडकाएवढी असेल तर बारीक कोपऱ्यांना ती जुमानत नाही. अख्ख्या खडकाशी तिची गाठ पडते. दोन मीटरची लहर विमानाच्या शेपटीएवढ्या भागांवर आदळते तेव्हा कवडशाचा नियम सुटतो आणि तो भाग सबंध झंकारतो. पातळ लेपही एवढ्या लांब लहरीपुढे निष्प्रभ ठरतो. मात्र असे रडार अचूक नसते. विमान आकाशाच्या कुठल्या बाजूला आहे एवढे ते सांगते. क्षेपणास्त्र नेमके तिथे नेऊ शकत नाही. ते काम नेवाच्या लहान लहरीच्या मार्गदर्शक रडारचे. त्या रात्री जुन्या रडारने दिशा दाखवली आणि मार्गदर्शक रडारला विमान सापडले ते जेमतेम १३ किलोमीटरवर. दोन क्षेपणास्त्रे सुटली, दुसऱ्याने काम केले.

१३ किलोमीटर म्हणजे मिनिटापेक्षा कमी वेळ. म्हणजे स्टेल्थने आपले काम केलेच होते. पण समोरच्याने तेवढाच वेळ पुरेल अशी तयारी ठेवली होती. दानींची तुकडीही लपतच होती. रडारच्या लहरीचा माग काढून त्यावर झेपावणारी क्षेपणास्त्रे नाटोकडे होती, म्हणून मार्गदर्शक रडार एका वेळी सुमारे वीस सेकंदांहून अधिक सुरू ठेवायचे नाही आणि मग जागा बदलायची, असा त्यांचा शिरस्ता होता. उलट नाटोची विमाने रोज त्याच त्या वाटांनी येऊ लागली होती, आणि शत्रूची रडारे निकामी करणारी सोबतची विमाने त्या रात्री नव्हती असे नंतर सांगितले गेले. वर्षानुवर्षे एकही ओरखडा न उठलेल्या माणसाच्या सवयी त्यात दिसतात. दोन्ही बाजू अंधारात एकमेकांना चुकवत होत्या. त्यांतल्या एका बाजूने आपण अदृश्य आहोत हा शब्द खरा धरला.

कोणाला, कुठून, किती वेळ

मार्च २०२४मध्ये भारत सरकारने स्वदेशी स्टेल्थ लढाऊ विमानाच्या विकासाला, सुमारे १५,००० कोटी रुपयांच्या, मंजुरी दिली. चीनकडे असे विमान आधीच सेवेत आहे. येत्या काही वर्षांत ‘अदृश्य विमान’ हा शब्द आपल्या कानांवर वारंवार पडणार आहे. तेव्हा प्रत्येक वेळी तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय नागरिकांनी लावून घ्यायला हरकत नाही: कोणाला अदृश्य? कुठल्या बाजूने? आणि किती वेळ? समोरून न दिसणारे विमान मागून दिसू शकते. सेंटिमीटरच्या लहरीला न दिसणारे मीटरच्या लहरीला दिसू शकते. ज्याची या प्रश्नांची उत्तरे तयार असतील त्याला स्टेल्थचा फार मोठा फायदा होईल, यात शंका नाही. ज्याला हे प्रश्नच पडत नाहीत, त्याला ते विमान शेवटी महागात पडेल.

एफ-११७ची विमाने २००८मध्ये सेवेतून काढली गेली. त्यांतली काही मात्र सरावासाठी अजून उडवतात, म्हणजे स्टेल्थ विमान शोधायचे कसे हे अमेरिकी वैमानिकांनाच शिकता यावे. झोल्तान दानी लष्करातून निवृत्त होऊन आपल्या गावी बेकरी चालवू लागले. काही वर्षांनी डेल झेल्को त्यांना भेटायला सर्बियात गेले, दोघांची मैत्री जमली आणि त्या भेटीवर २०१३मध्ये एक माहितीपटही निघाला. पडलेल्या विमानाचे तुकडे बेलग्रेडच्या विमानसंग्रहालयात ठेवले आहेत. जवळ जाऊन त्यांच्या कडा आणि लेप निवांत पाहता येतो.